युद्धपटाचा रावी कोण?

११ डिसेंबर १९१७ची दुपार. जेरुसलेमच्या जाफा दरवाजातून एक उंचापुरा ब्रिटिश सेनापती पायी चालत शहरात शिरतो. घोडा नाही, रणशिंग नाही. मागे फ्रेंच आणि इटालियन अधिकारी, दोन्ही बाजूंना सैनिक, छतांवर आणि गल्ल्यांत माणसे. पुढे दाऊदच्या बुरुजाच्या पायऱ्यांवरून एक जाहीरनामा अनेक भाषांत वाचला जातो. जनरल एडमंड ॲलनबी यांच्या या प्रवेशाची फिल्म आजही लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. हेरॉल्ड जीप्स या सरकारी कॅमेरामनने ती चित्रित केली. पहिल्या महायुद्धातले मध्यपूर्वेचे हे बहुधा सर्वाधिक गाजलेले चलचित्र.

फिल्म खरी आहे. ॲलनबी खरोखर पायी आले, जाहीरनामा खरोखर वाचला गेला, गर्दीही खरी. तरीही ती फिल्म प्रचारासाठीच काढली होती. युद्धपटांचा खरा पेच इथेच आहे. खोटे पकडणे तुलनेने सोपे असते. खरे दृश्यच प्रचार म्हणून वापरले जाते, तेव्हा काय करायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक जुने शास्त्र आहे. हदीसच्या अभ्यासकांनी प्रत्येक रिवायतीचे दोन भाग केले. ‘मतन’ म्हणजे सांगितलेली गोष्ट आणि ‘सनद’ म्हणजे ती गोष्ट सांगणाऱ्यांची साखळी. गोष्ट कितीही सुंदर असो, आधी विचारायचे की सांगणारा रावी कोण, तो तिथे हजर होता का, त्याचा स्वार्थ काय, मधली कडी तुटली आहे का. त्यावरून रिवायत सही, जईफ की मौजू हे ठरते. युद्धपट पाहतानाही हीच पद्धत उपयोगी पडते असे मला वाटते. या लेखात तीन ठिकाणांच्या निमित्ताने ती वापरून पाहू.

सोमच्या खंदकात

१ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीकाठी ब्रिटिशांनी मोठी चढाई सुरू केली. त्या एका दिवसात त्यांचे ५७ हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. मृतांची संख्या १९ हजारांवर होती. ब्रिटिश सैन्याच्या इतिहासातला हा सर्वांत रक्तरंजित दिवस. त्या वेळी जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल हे दोन सरकारी कॅमेरामन आघाडीवर होते. त्यांच्या चित्रणातून ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा माहितीपट तयार झाला. ऑगस्टमध्ये, म्हणजे लढाई चालू असतानाच, तो ब्रिटनभर दाखवला गेला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटे विकली गेली असे मानले जाते.

लोकांनी पहिल्यांदाच पडद्यावर आपल्याच मुलांचे युद्ध पाहिले. तोफा, जखमी, कैदी आणि प्रेतेही. हॉथॉर्न टेकडीखाली पेरलेला सुरुंग सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी उडाला, तो क्षण मॅलिन्सच्या कॅमेऱ्याने पकडला. हा अस्सल लष्करी दस्तऐवज आहे. माती किती उंच उडाली, धूर कुठे गेला, हे अभ्यासक आजही त्यावरून सांगतात.

पण प्रेक्षकांच्या मनावर सर्वांत खोल कोरले गेले ते दृश्य वेगळेच होते. सैनिक खंदकातून वर चढतात, एक जण कड्यावरच कोसळतो आणि घसरून खाली येतो, बाकीचे धुरात नाहीसे होतात. पुढच्या संशोधनातून दिसले की हे दृश्य लढाईचे नाहीच. आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी ते रचून घेतले होते. सैनिकांच्या अंगावर चढाईचे पूर्ण सामान नाही आणि कॅमेरा अशा जागी आहे जिथे खऱ्या लढाईत उभे राहणे अशक्य होते.

असे का करावे लागले? कारण साधे आहे. तेव्हाचा कॅमेरा जड, लाकडी, तिपाईवर ठेवून हाताने फिरवायचा. फिल्म मंद, तिला भरपूर उजेड लागे. दूरचे जवळ आणणारी भिंगे कामचलाऊ. गोळ्यांच्या वर्षावात डोके वर काढणाऱ्याचा जीवच जाणार. त्यामुळे युद्धात जे सर्वांत महत्त्वाचे, ते पडद्यावर येणे जवळपास अशक्य होते. तयारी दिसे, परतणारे जखमी दिसत, मधली लढाई मात्र गायब. ती पोकळी बनावट दृश्याने भरली गेली. एरवी सही असलेल्या रिवायतीत एक मौजू वाक्य घुसावे, तसे हे झाले. गंमत म्हणजे तेच वाक्य लोकांच्या सर्वाधिक लक्षात राहिले. आजही सोमच्या लढाईवरच्या अनेक कार्यक्रमांत ते दृश्य ‘खरे चित्रण’ म्हणून दाखवले जाते.

याच मालिकेतला आधीचा एक युद्धपट भारतीय फौजांवर होता. १९१६च्या सुरुवातीला तो लंडनमध्ये दाखवला गेला. तोवर भारतीय पायदळाने फ्रान्स सोडलेही होते, कारण १९१५च्या अखेरीस त्याला मेसोपोटेमियाच्या आघाडीकडे पाठवले गेले. पडद्यावर शिपाई फ्रान्समध्ये दिसत होते, प्रत्यक्षात ते तुर्कांशी लढायला निघाले होते.

पायी आलेला सेनापती

आता पुन्हा जेरुसलेमकडे, आपल्या बैतुल मुकद्दसकडे येऊ. ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना हे शहर नाताळच्या आधी हवे होते. पश्चिम आघाडीवर वर्षभर अपयश आणि प्रेतांचे ढीग पाहिलेल्या देशाला एक चांगली बातमी हवी होती. ९ डिसेंबरला तुर्की फौजा निघून गेल्यावर शहराचे महापौर हुसैन अल-हुसैनी पांढरे निशाण घेऊन बाहेर पडले. त्यांना दोन ब्रिटिश सार्जंट भेटले. त्यांच्यासोबतचे महापौरांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. शहर खऱ्या अर्थाने हाती आले ते त्या दिवशी, कुठल्याही समारंभाविना. कॅमेऱ्यासाठीचा प्रवेश दोन दिवसांनी झाला.

त्याची आखणी लंडनमध्ये झाली होती. ॲलनबींनी दरवाजाशी उतरून पायी आत जावे, अशी सूचना नोव्हेंबरमध्येच तारेने गेली होती. कारणही त्यात होते. १८९८मध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म याच शहरात घोड्यावर बसून, थाटामाटात शिरला होता. त्याच्याशी तुलना व्हावी आणि ब्रिटिश नम्र दिसावेत, हा हेतू. मुसलमानांच्या स्मृतीत तर आणखी एक प्रवेश होता. हजरत उमर यांनी सातव्या शतकात हे शहर ताब्यात घेतले तेव्हाचा साधेपणा पिढ्यानपिढ्या सांगितला गेला आहे. तेव्हा ॲलनबींचे पायी चालणे हा सेनापतीचा मनाचा मोठेपणा असेलही, पण तो सरकारी पटकथेचाही भाग होता.

या पटकथेमागे एक भीती होती. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश सरकारने वृत्तपत्रांना एक गोपनीय सूचना दिली. तुर्कस्तानविरुद्धची मोहीम धर्मयुद्ध आहे, आधुनिक क्रुसेड आहे, असे सुचवणारा मजकूर किंवा चित्र छापू नये, असे त्यात बजावले होते. साम्राज्यात सुमारे दहा कोटी मुसलमान प्रजा आहे, हे कारणही दिले होते. त्यांतले बहुसंख्य हिंदुस्थानात होते. त्यांचीच मुले त्या फौजेत होती.

म्हणून जाहीरनाम्यात तिन्ही धर्मांच्या पवित्र स्थळांचे रक्षण करण्याचे आश्वासन आले. ब्रिटिश जिला ‘उमरची मशीद’ म्हणत, त्या कुब्बतुस्सखराभोवती मुसलमान अधिकारी आणि शिपायांचा पहारा बसवला गेला. हे शिपाई हिंदुस्थानी होते. परवानगीशिवाय बिगरमुस्लिमाला आत जाता येणार नाही, असा हुकूम होता. ही बातमी लंडनच्या संसदेपर्यंत आणि तिथून जगभर पोहोचवली गेली. ज्याने उस्मानी खलिफाच्या फौजेला शहरातून हटवायला मदत केली, तोच शिपाई आता मशिदीचा रखवालदार म्हणून जगाला दाखवला जात होता.

मात्र ती सूचना पाळली गेली नाही. ‘पंच’ या लंडनच्या व्यंगसाप्ताहिकाने डिसेंबर १९१७मध्येच ‘द लास्ट क्रुसेड’ या नावाचे चित्र छापले. त्यात राजा रिचर्ड जेरुसलेमकडे पाहत आपले स्वप्न पूर्ण झाल्याचे समाधान मानतो आहे. १९१८मध्ये पॅलेस्टाईन आघाडीवरच्या एका ब्रिटिश युद्धपटाचे नावच ‘द न्यू क्रुसेडर्स’ होते. म्हणजे मुसलमान प्रेक्षकाला एक सनद आणि घरच्या प्रेक्षकाला दुसरी. ‘क्रुसेड आज संपले’ असे वाक्य ॲलनबींच्या तोंडी घालून आजही फिरवले जाते. जाहीरनाम्यात ते नाही. आपल्या बाजूच्या लेखकांनीही ते तपासून न घेता अनेकदा वापरले आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. विरोधकाच्या प्रचाराला उत्तर देताना आपणही जईफ रिवायत पुढे करतो.

जाहीरनाम्यात आणखी एक गोष्ट नव्हती. २ नोव्हेंबर १९१७ रोजी, म्हणजे जेमतेम सहा आठवडे आधी, बाल्फोर जाहीरनामा निघाला होता. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा त्यात होता. दाऊदच्या बुरुजावरून वाचलेल्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. खाली उभ्या असलेल्या गर्दीच्या भवितव्याचा सर्वांत मोठा निर्णय त्या दृश्याच्या चौकटीबाहेर राहिला.

चौकटीबाहेरचे शिपाई

सरकारी कॅमेरा ज्यांच्याकडे वळला नाही, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. नोव्हेंबर १९१४मध्ये तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर ब्रिटिशांनी हिंदी मुसलमानांना आश्वासन दिले होते की अरबस्तान आणि इराकमधल्या पवित्र स्थळांवर हल्ला होणार नाही. ते आश्वासन द्यावे लागले, यातच सारे आले. फेब्रुवारी १९१५मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केले. आपल्याला तुर्कांविरुद्ध लढायला नेणार, ही अफवा त्याच्या अनेक कारणांपैकी एक होती. नंतर ४७ जणांना तुरुंगाच्या भिंतीपाशी जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या. १९१६च्या सुरुवातीला बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी पवित्र स्थळांच्या भूमीत मुसलमानांशी लढायला नकार दिला. त्यांनाही शिक्षा झाल्या.

याउलट, हजारो मुसलमान शिपाई निष्ठेने लढले आणि मेलेही. १९१८मध्ये बऱ्याच ब्रिटिश तुकड्या फ्रान्सला परत गेल्यावर ॲलनबींच्या सैन्यात हिंदी पलटणींची मोठी भर पडली. सप्टेंबरमधली पॅलेस्टाईनची अखेरची चढाई बऱ्याच अंशी त्यांच्या बळावर झाली. २३ सप्टेंबरला हैफा जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी घेतले. त्याच ब्रिगेडमध्ये हैदराबादचे लान्सर्सही होते. म्हणजे निजामाच्या ज्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडा होता, तिथले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे याच तीन संस्थानांच्या फौजांचे स्मारक आहेत. नकार देणारा आणि लढणारा, दोघेही आपलेच होते. पण दोघांच्याही मनात काय चालले होते, हे कुठल्याच फिल्मने विचारले नाही. मूकपटात शिपायाला आवाज नव्हता आणि मधल्या पाट्या दुसऱ्यानेच लिहिलेल्या होत्या.

प्रचार एकाच बाजूने केला असे मात्र नाही. बर्लिनजवळ वुन्सडॉर्फला जर्मनांनी ‘अर्धचंद्र छावणी’ उभारली. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांतले मुसलमान कैदी, तसेच हिंदी कैदी तिथे ठेवले. १९१५मध्ये त्यांच्यासाठी लाकडी मशीद बांधली. जर्मन भूमीवरची ती पहिली नमाजासाठीची मशीद मानली जाते. कैद्यांसाठी ‘जिहाद’ नावाचे नियतकालिक निघे आणि छावणीतल्या नमाजाची, ईदची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून वाटली जात. ज्या जर्मनीला स्वतःच्या वसाहतींतल्या मुसलमानांचे स्वातंत्र्य नको होते, तिला इंग्रजांच्या मुसलमानांच्या धर्माची काळजी वाटू लागली! या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे आवाजही ध्वनिमुद्रित केले. हेतू उच्चारांचा अभ्यास. पण त्या तबकड्यांत माणसे घरची आठवण काढतात, परत जायची इच्छा सांगतात. फिलिप शेफनर यांनी २००७मध्ये याच आवाजांवर ‘द हाफमून फाइल्स’ हा माहितीपट केला. ज्याने ध्वनिमुद्रण केले त्याच्या हेतूला ओलांडून साक्ष कशी उरते, याचे हे चांगले उदाहरण.

युद्धानंतर काय झाले? लॉवेल थॉमस या अमेरिकन पत्रकाराने कॅमेरामन हॅरी चेसच्या मदतीने पॅलेस्टाईनच्या फिल्म आणि रंगीत चित्रांचा एक खेळ बसवला. ऑगस्ट १९१९पासून तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात चालला. धूप, बँड, नृत्य असा सगळा पौर्वात्य थाट. लाखो लोकांनी तो पाहिला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या दंतकथेचा जन्म तिथेच झाला. त्याच सुमारास मुंबईत खिलाफत समिती स्थापन होत होती. दोन वर्षांनी मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली यांच्यावर कराचीत खटला चालला, कारण इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे, असा ठराव त्यांनी केला होता. लंडनमध्ये ज्या युद्धाचा तमाशा चालू होता, त्याच युद्धाचा हिशेब इथे मागितला जात होता.

मुंबईतला कारखाना

दुसऱ्या महायुद्धात प्रचाराचा हिंदुस्थानी कारखाना थेट मुंबईतच सुरू झाला. १९४०मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले. निर्माते जे. बी. एच. वाडिया त्याच्याशी जोडलेले होते, व्ही. शांताराम यांनीही काही काळ तिथली जबाबदारी सांभाळली. १९४३मध्ये त्याची जागा ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ने घेतली. माहितीपटांची धुरा एझ्रा मीर यांच्याकडे होती आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हे बातमीपट निघू लागले. यांतल्या सगळ्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणणे अन्याय होईल. वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराचे होते. फॅसिझमविरुद्धचे युद्ध जिंकलेच पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे.

पण प्रेक्षकाला निवड नव्हती. भारत संरक्षण नियमांखाली १९४३पासून प्रत्येक सिनेमागृहाला दर खेळात दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवणे सक्तीचे झाले. म्हणजे सुमारे बावीस मिनिटे. वर त्याचे भाडेही थिएटरवाल्याकडूनच घेतले जाई. छोडो भारतनंतरचे ते दिवस. नेते तुरुंगात आणि पडद्यावर साम्राज्याच्या विजयाच्या वार्ता.

त्याच वर्षी बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. तो भयंकर दुष्काळ देशापुढे आला तो सरकारी बातमीपटांनी आणला नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ने रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा तो झाकणे अशक्य झाले. संपादक इयन स्टीफन्स इंग्रज होते. रावीची जात-जमात नव्हे, त्याची सचोटी पाहायची असते, हे यातून शिकावे.

१९४६मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स बंद झाली. परिणामी १५ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री देश स्वतंत्र होत होता, तेव्हा ते टिपायला सरकारचे स्वतःचे चित्रपट पथकच नव्हते. खासगी आणि परदेशी कॅमेऱ्यांनी ते काम केले. १९४८मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि खेळाआधी सरकारी फिल्म दाखवण्याची सक्ती स्वतंत्र भारतानेही चालू ठेवली. मालक बदलला, यंत्र तेच राहिले.

पाहणाऱ्याची जबाबदारी

कुरआनने बातमी आणणाऱ्याची शहानिशा करायला सांगितले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: अजाणतेपणी एखाद्या समूहाला आपल्याकडून इजा होऊ नये आणि मग पस्तावायची वेळ येऊ नये. आज प्रत्येक मोबाइलमध्ये युद्ध येते. गाझाचे, युक्रेनचे, सीमेवरचे. जुन्या युद्धाची दृश्ये नवी म्हणून फिरतात, संगणकीय खेळांतले स्फोट खरे म्हणून फिरतात, आणि खऱ्या प्रेतांना लोक ‘नाटक’ म्हणतात. हे तिसरे सर्वांत वाईट. बनावट दृश्यांचा सुळसुळाट झाला की खऱ्या साक्षीदारावरचाही विश्वास उडतो. सोमच्या फिल्ममधला एक बनावट तुकडा दाखवून कुणी म्हणाले की एकोणीस हजार मेलेच नव्हते, तर ते जितके निर्लज्जपणाचे ठरेल, तितकेच हे.

म्हणून सगळेच नाकारणे हा उपाय नाही. हदीसच्या विद्वानांनी जईफ रिवायती जाळून टाकल्या नाहीत. त्यांच्यावर ‘जईफ’ अशी नोंद करून त्या जपल्या. युद्धपटांचेही तसेच करावे. कॅमेरा कुणाचा होता, तो कुठे ठेवला होता, कापणारा आणि मंजूर करणारा कोण, पाट्या किंवा निवेदन कुणाचे, ते कुणाला दाखवायचे होते आणि त्या दिवशी चौकटीबाहेर काय घडत होते, हे प्रश्न विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नये. आपल्या बाजूची क्लिप असेल तर दुप्पट काळजी घ्यावी.

कुब्बतुस्सखरापाशी पहारा देणाऱ्या त्या हिंदी शिपायांची नावे जगाला सांगितली गेली नाहीत. जगाला फक्त ते ‘मोहमेडन’ असल्याचे सांगायचे होते, तेवढेच सांगितले. त्यांच्यातल्या कुणी ड्युटी संपल्यावर आत जाऊन दोन रकात नमाज पढली असेल का? घरी लिहिलेल्या पत्रात त्याने काय सांगितले असेल? ही साक्ष कुठल्या फिल्ममध्ये सापडणार नाही. ती सापडलीच तर घरातल्या जुन्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांत, आजोबांनी सांगितलेल्या आठवणीत सापडेल. आपल्या घरांत अशा वस्तू असतील तर रद्दीत जाण्याआधी त्या वाचून, तारीख-वार लिहून ठेवायला हव्यात. सरकारी फिल्मच्या शेजारी ठेवायला आपल्याकडे दुसरी सनद हवी.